सात महिन्यांचा पैलवान, साडेनऊ किलो. पुढची कार सीट कोणती घ्यावी?

मृण्मयी_को
नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो. मुलगा सात महिन्यांचा, वजन साडेनऊ किलो, लांबी ७२ सेंमी. बारशाला नाव वेगळं ठेवलंय, पण घरात हाक 'पैलवान' अशीच पडते. जन्मल्यापासून हँडलवाली बकेट सीट वापरतोय. तिच्यावर १३ किलोपर्यंत चालते असं लिहिलंय. म्हणजे वजनाला अजून वाव आहे, पण डोकं वरच्या कडेला भिडत आलंय आणि खांद्याचे पट्टे शेवटच्या खाचेत गेलेत.

माझं माहेर बेळगाव, सासरचं गाव गगनबावड्याकडे. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला वळणं. त्यामुळे सीट नुसती शोभेला ठेवायची नाहीये.

नवऱ्याने एका दुकानात ९ ते १८ किलोची, पुढे तोंड करून बसायची सीट बघून ठेवलीय. म्हणतो, "पोरगं नऊच्या वर गेलंय, घेऊन टाकू, पुढची तीन-चार वर्षं बघायला नको." सासूबाई म्हणतात, "एवढे पैसे घालवण्यापेक्षा मांडीवर घेतो की मी." मला दोन्ही पटत नाही, पण वाद घालायला हातात मुद्दे नाहीत. गाडी २०१९ची हॅचबॅक, मागच्या दोन्ही कडेच्या सीटांना आयसोफिक्सची (बेल्टशिवाय बालसीट थेट अडकवायच्या दांड्यांची) खूण आहे. बजेट वीस हजारांच्या आत बसलं तर बरं. जाणकारांनी सांगा.

पांढरा_रस्सा
पैलवानाचा खुराक कुठला? गंगावेशीचं धारोष्ण दूध आत्तापासूनच सुरू केलंय का? 😄
बाकी धागा वाचतोय. आमच्याकडेही मार्चमध्ये पाहुणा येतोय.

परतलेला_करवीरकर
मृण्मयी, तुमच्या यजमानांचा हिशेब लेबल वाचून केलेला आहे आणि लेबलप्रमाणे तो बरोबरच आहे. खोट लेबलात आहे.

युरोपचा जुना नियम 'आर४४'. तो सीटचे गट वजनावर पाडतो. १३ किलोपर्यंत मागे तोंड, ९ ते १८ किलो पुढे तोंड, १५ ते २५ आणि २२ ते ३६ म्हणजे बूस्टर (गाडीचाच बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक). आपला भारतातला नियम एआयएस-०७२, हाही त्याच वळणाचा. आता साधारण बाळ नऊ किलोला पोचतं ते वर्षाच्या आगेमागे. तुमचं पोरगं सातव्या महिन्यातच तिथे गेलं. काटा म्हणतो पुढे तोंड करा, पण मान सात महिन्यांचीच आहे. लवकर वाढणाऱ्या बाळांचे आईबाप नेमके इथेच फसतात.

नंतर 'आर१२९' आला, २०१३ मध्ये. पेटीवर 'आय-साइझ' लिहिलेलं असतं ते याच नियमातलं. इथे सीट वजनावर नाही, उंचीवर ठरते, उदा. ४० ते १०५ सेंमी. १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही, मग मूल कितीही धिप्पाड असो. बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही यात आहे, जी आर४४मध्ये नव्हती. सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात आर४४च्या नव्या सीटा दुकानात विकता येत नाहीत. आपल्याकडे दोन्ही सर्रास मिळतात.

आर४४ची सीट म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही. पण '९ ते १८' वाचून सात महिन्यांचं बाळ पुढे तोंड करून बसवू नका एवढं नक्की.

मृण्मयी_को
हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदाराने तर वजन विचारलं आणि लगेच तीच सीट खाली काढली. पण मानेचं नेमकं काय? त्याची मान तर तिसऱ्या महिन्यापासून धरलीय.

बालकक्ष
मान धरणं वेगळं आणि धडक सोसणं वेगळं. मी बालरोगाचं बघतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं साधारण सातवा-आठवा भाग. मानेचे मणके या वयात पुरते हाड झालेले नसतात. प्रत्येक मणक्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते सांधायला काही वर्षं जातात. पुढे तोंड असताना गाडी समोरून आदळली की पट्टा खांदे धरून ठेवतो आणि ते जड डोकं एकटंच पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर. मागे तोंड असलं की पाठ, मान, डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात, ताण वाटला जातो. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसतात ते यासाठीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये सल्ला बदलून 'सीटची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड' असा केला.

आता वाढीबद्दल, कारण तुमची खरी काळजी ती दिसते. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी हा वेग निम्म्यावर येतो. उंची १२ सेंमीच्या आसपास, वजन अडीच किलोच्या आसपास. त्यामुळे 'सात महिन्यांत साडेनऊ, म्हणजे दीड वर्षात वीस' असा त्रैराशिकाचा हिशेब करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अगदी वरच्या रेषेवरचा मुलगासुद्धा दोन वर्षांचा होताना १५ किलोच्या आणि ९३-९४ सेंमीच्या आसपास असतो. म्हणजे मागे तोंड करून १८ किलो किंवा १०५ सेंमी घेणारी सीट तुमच्या पैलवानाला तीन वर्षांपर्यंत सहज पुरेल.

काकू_शाहूपुरी
मी काय म्हणतो, आमची तिन्ही पोरं मांडीवर बसूनच मोठी झाली. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, पार तुळजापूरपर्यंत गेलो. काही झालं नाही. एवढंसं लेकरू तिकडं तोंड करून एकटं बसवायचं, आईचं तोंड दिसायचं नाही, रडून रडून घसा बसायचा. हे आजकालचं फॅड आहे बघा.

पांढरा_रस्सा
काकू, तेव्हा अँबेसिडर होती आणि हायवे दोन पदरी होता. 🙏

गॅरेजवाला_शिरोली
काकू, राग मानू नका, पण मांडीचं गणित सांगतो. माझं गॅरेज आहे, ठोकलेल्या गाड्या रोज बघतो.

गाडी पन्नासच्या वेगात असली म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर चाललीय. आदळली की बॉनेट अर्धा मीटर चेपतं आणि तेवढ्यात तिला शून्यावर यायचं असतं. त्या वेळी आतल्या प्रत्येक माणसाला आपल्या वजनाच्या वीसपट हिसका बसतो. साडेनऊ किलोचं पोर म्हणजे जवळपास दोन क्विंटल. ते हातात धरायचं, तेबी झोपेत असताना, डुलकी लागलेली असताना. हिंदकेसरीलाबी जमणार नाही. आणि आजीनं बेल्ट लावला नसंल तर आजीचं वजनबी पोरावरच. आजी आणि पोर एकाच बेल्टमध्ये बांधायचं तर लईच वाईट. बेल्ट आणि आजी यांच्या मधे पोर सापडतं.

आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसत्यात ते बघून तर अंगावर काटा येतो. समोर एअरबॅग आहे तिथं. डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटते ती. मागे तोंडाची सीटबी पुढं लावायची नाही, एअरबॅग बंद करायचं बटण असंल आणि ती खरंच बंद असंल तरच.

हायवे चांगला झाला म्हणता, तर ऊस सुरू झाल्यावर रात्री बघा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. ऐंशीनं येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती पार जवळ आल्यावर.

काकू_शाहूपुरी
दोन क्विंटल म्हणजे मग अवघडच आहे बाबा. पण रडण्याचं काय करायचं ते पण सांगा. नातवंडाचं रडणं ऐकवत नाही.

नेबापूरची_वाट
काकू, आमचीही सुरुवातीला पन्हाळ्याच्या पायथ्यापासून वरपर्यंत एका सुरात रडायची. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, मी शेजारी मागे बसायला लागले. आईचं तोंड दिसत नाही हे पुढे बसलात तरच. दुसरं, बकेट सीटमध्ये ती अक्षरशः कोंबली जात होती. मोठ्या सीटमध्ये गेल्यावर निम्मं रडणं आपोआप थांबलं. आणि पाय. मागे तोंड असलं की पाय गाडीच्या सीटला टेकतात, दुमडतात, लोक म्हणतात 'पाय अवघडतील'. पोरं मस्त मांडी घालून बसतात. पाय टेकले म्हणजे सीट लहान झाली असं नाही.

लहान झाली कधी? डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेपासून इंचभर अंतरावर आला, किंवा खांदे सगळ्यात वरच्या खाचेच्याही वर गेले, किंवा वजन संपलं. तिन्हींपैकी जे आधी होईल ते. गुटगुटीत बाळांचं बहुतेक वेळा वजन संपायच्या आधी डोकं किंवा खांदा संपतो. मृण्मयी, तुमचं तेच चाललंय.

परतलेला_करवीरकर
>> डोकं किंवा खांदा संपतो

हे शंभर टक्के. म्हणून दुकानात जाताना वजनाबरोबर बाळाची बसकी उंचीही मोजून न्या. भिंतीला पाठ लावून बसवायचं आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत टेप लावायची. ७२ सेंमीच्या दोन बाळांत एकाचे पाय लांब, एकाचं धड लांब असं असतं. धड लांब असेल तर सीट लवकर संपते. सीटचा सगळ्यात वरचा पट्टा बसायच्या जागेपासून किती उंचीवर येतो ते तिथेच टेपने बघा. यासारखा खरा आकडा पेटीवर कुठेच नसतो.

मृण्मयी_को
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. गणित वाचून गप्प बसला, म्हणजे पटलं. 😊

काल दोन दुकानं फिरलो. एका ठिकाणी '० ते २५ किलो' लिहिलेली सीट दाखवली, साडेआठ हजार. दुकानदार म्हणाला, "सहा-सात वर्षांची चिंता मिटली." घ्यायची का? आणि नवऱ्याच्या मामेभावाने अमेरिकेतून येताना आणलेली एक सीट पडून आहे, फुकट मिळेल. तिचं काय?

परतलेला_करवीरकर
पेटीवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. '० ते २५'मध्ये मागे तोंड किती किलोपर्यंत, हा प्रश्न विचारा. उत्तर बहुतेक '१३' येईल. मग तुमचा मुलगा दीड-पावणेदोन वर्षांचा होईपर्यंतच ती मागे तोंड करून चालेल आणि त्यानंतर पुढे तोंड. शिवाय नवजातापासून सात वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना बसणारी सीट कुणालाच नीट बसत नाही, असं माझं मत. मिसळीत पोहेही घातले आणि शिराही घातला तसं होतं.

सीटच्या अंगावर नारिंगी लेबल शोधा. गोलात इंग्रजी 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा, ई१ म्हणजे जर्मनी, ई४ म्हणजे नेदरलँड्स. त्याखाली आर४४/०४ किंवा आर१२९. सीटवर, पेटीवर नव्हे. जाहिरातीत 'युरोपीय दर्जा' लिहिलेलं असतं आणि सीटवर लेबलच नसतं, अशी सीट हातातही घेऊ नका.

गॅरेजवाला_शिरोली
अमेरिकेच्या सीटचं मी सांगतो. तिथल्या गाड्यांचे बेल्ट पूर्ण ओढून सोडला की जागच्या जागी लॉक होत्यात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट फक्त हिसका बसला तरच अडकत्यात, एरवी सैल. त्यामुळं तिथली सीट इथं नुसत्या बेल्टनं बांधली की दोन वळणांत हलायला लागते. सीटमध्येच बेल्ट आवळायचा चाप असंल, नाहीतर खालच्या आयसोफिक्सच्या दांड्यांत तिचे पट्टे अडकत असतील, तर जमतंय. दोन्ही नसंल तर नाद सोडा.

आणि सीटच्या खाली तारीख छापलेली असते, ती बघा. प्लॅस्टिक उन्हात सडतं, कंपनी मुदत देते, साधारण सहा ते दहा वर्षं. आणि ती सीट कधी अपघातात सापडली नव्हती ना, हे मामेभावाला तोंडावर विचारा. बाहेरनं चांगली दिसली तरी आतनं तडा गेलेला असतोय. अनोळखी माणसाकडनं जुनी सीट म्हणूनच घ्यायची नाही, तिचा इतिहास कळत नाही.

मृण्मयी_को
विचारलं. तारीख बघितली तर मुदत गेल्या वर्षीच संपलीय. विषय संपला.

आता उरल्या दोन. एक आयसोफिक्सची आर१२९, १०५ सेंमीपर्यंत मागे तोंड, एकवीस हजारांच्या वर. दुसरी बेल्टने बांधायची, मागे तोंड १८ किलोपर्यंत, चौदा हजार. नवरा सहा फूट, गाडी लहान. मागे तोंडाची एवढी मोठी सीट बसेल का हीच शंका. दुकानदार गाडीत लावून दाखवायला तयार नाही, 'पेटी फोडली की घ्यावीच लागेल' म्हणतो.

गॅरेजवाला_शिरोली
मग त्या दुकानातनं घ्यायचीच नाही. गाडीत लावून बघितल्याशिवाय सीट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा दुकानदार डिस्प्लेची सीट देतोय लावून बघायला, विचारा.

लावताना ड्रायव्हरच्या मागं नको, डाव्या बाजूला लावा. सहा फुटी नवऱ्याची सीट मागं सरकलेली असणार, तिथं जागा उरत नाही. डाव्या बाजूचं दार फूटपाथकडं उघडतं, पोर काढताना अंगावर गाडी येत नाही. पुढच्या डाव्या सीटवरच्याला थोडं गुडघं जवळ घ्यावं लागंल, तेवढं चालतंय.

आयसोफिक्सच्या सीटला खाली आधाराचा पाय असतोय नाहीतर मागनं वरचा पट्टा. पायवाली असंल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, त्या जागी तळाला पोकळ कप्पा असंल तर तिथं पाय टेकवायचा नाही. पट्टावाली असंल तर हुक मागच्या सीटच्या पाठीवर जहाजाच्या नांगराची खूण असते तिथंच. डिकीत सामान बांधायची कडी असते तिला लोक हुक लावत्यात, ती उपटून येते. सीट लावल्यावर जिथनं बेल्ट जातो तिथं धरून हलवा. बोटाच्या एका पेराएवढी, म्हणजे इंचभर हलली तर ठीक, जास्त हलली तर परत आवळा. बेल्टनं लावताना गुडघा सीटमध्ये रोवून वजन टाकायचं आणि मग बेल्ट ओढायचा. हातानं नुसता ओढून आवळत नाही.

माझ्या अनुभवानं आयसोफिक्सवाली चुकीची बसवणं अवघड. बेल्टवाली बरोबर बसली तर तीबी तेवढीच भक्कम, पण दर वेळी काढघाल करणार असाल तर सात हजार जास्त गेले तरी आयसोफिक्स घ्या.

नेबापूरची_वाट
+१ आयसोफिक्सला. आमच्याकडे गाडी एक आणि चालवणारे तीन. बेल्टवाली सीट दर वेळी वेगळ्या माणसाने वेगळी बांधलेली असायची.

बालकक्ष
बाळाचे पट्टे बांधण्याबद्दल थोडं. मागे तोंड असताना खांद्याचा पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवा. पुढे तोंड केल्यावर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. पट्टा आवळल्यावर खांद्यावर तो चिमटीत पकडायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर सैल आहे. थंडीत स्वेटर, टोपरं, दुपटं गुंडाळून पट्टा बांधू नका. गुंडाळलेलं धडकेत दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं.

एप्रिल-मेमध्ये उलटं. गाडी उन्हात उभी असेल तर बक्कलचा धातू आधी हाताने तपासा. पाठीखाली वेगळी गादी, रजई घालू नका. सीटबरोबर आलेली असेल तेवढीच. घामासाठी पातळ सुती कापड पुरतं.

आणि एक महत्त्वाचं. बाळ सीटमध्ये झोपलं की हनुवटी छातीला टेकत नाही ना हे बघत राहा, लहान बाळांत तसं झालं तर श्वास कोंडतो. सलग दोन तासांहून जास्त बसवू नका. बेळगावला जाताना निपाणीला थांबा, काढा, पाय मोकळे करू द्या. घरी पोचल्यावर 'झोपलाय, राहू दे सीटमध्येच' असं अजिबात करू नका.

पांढरा_रस्सा
एक बाळबोध प्रश्न. पोलीस पकडतात का यासाठी? नियम आहे का आपल्याकडे?

परतलेला_करवीरकर
आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट नसेल तर एक हजार रुपये दंड. आपल्याकडे कुणाला झालेला मी ऐकला नाही, हेल्मेटचीच पावती फाडून होत नाही. दुचाकीचाही नियम आहे, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. महाद्वार रोडला पुढे टाकीवर उभी केलेली पोरं बघितली की हा नियम आठवतो.

मृण्मयी_को
आयसोफिक्सवालीच घेतली. दुसऱ्या दुकानदाराने स्वतः गाडीत लावून बघू दिली. नवऱ्याची सीट नेहमीच्या जागी ठेवूनही पैलवान मागे आरामात बसला, मीच पुढे थोडी आखडले. आयसोफिक्सच्या खुणा दोन्हीकडे हिरव्या झाल्यात, पण आधाराचा पाय जमिनीवर टेकल्यावरही खूण कधी हिरवी, कधी लाल दाखवतेय. पायाची लांबी कमी-जास्त करून बघितली. गावाला जायच्या आधी कुणी बघून दिलं तर बरं होईल.

गॅरेजवाला_शिरोली
खाली रबरी मॅट असंल, ती दबतीय. मॅट काढून पाय सरळ तळावर टेकवा आणि एक टप्पा लांब करा. पण एवढा लांब नको की सीटचा तळ गाडीच्या सीटवरनं उचलला जाईल. तरी नाही झालं तर रविवारी सकाळी या, गॅरेज बंद असलं तरी मी असतो. सीटचं आणि गाडीचं मॅन्युअल दोन्ही आणा. आणि पैलवानाला आणा, त्याच्याशिवाय खांद्याच्या पट्ट्याची उंची लावता येत नाही.

काकू_शाहूपुरी
रविवारी आमचा मुलगा आणि सूनबाई पण येतील, चालेल का बाबा? नात चार महिन्यांची आहे. मी पण येतो.

गॅरेजवाला_शिरोली
या की काकू. अकराच्या आत या, नंतर ऊन होतंय.